जावयाला चोपायला दिल्लीला

२८ ऑगस्ट
ठरलं. दिल्लीला जायचं. आमच्या ब्राह्मीनं त्या खानापूरच्या साईराजशी रजिस्टर लग्न केलं त्याला आज आठ महिने झाले. आठ महिने मी शांत आहे. सकाळी मिक्सरचं भांडं फेकलं, पण ते खिडकीतून बाहेर गेलं, कुणाला लागलं नाही. प्लॅन: जाणे, साईराजच्या कानाखाली दोन ठेवून देणे, पोरीला घेऊन निपाणीला परत. एकूण पाच दिवस.

३१ ऑगस्ट
मंगल म्हणते, पोरगी तुमच्या हाताला भिऊन गेली. बायकोला काही कळत नाही. मी तापट नाही. पाणी गाळून पितो, दिवस मावळल्यावर जेवत नाही, वाटेत मुंगी दिसली तर पाय उचलून घेतो. पोरीला शिस्त लावली, त्याला मार म्हणत नाहीत. हे समजावताना ताट आपटलं. पोचा आला. हल्ली ताटं हलकीच मिळतात.

३ सप्टेंबर
दिल्ली मेट्रोचा नकाशा आणून भिंतीला लावला. निजामुद्दीनला उतरणे. गुलाबी लाइननं राजौरी गार्डन. तिथून निळी, द्वारका, पोरीचं घर. तोंडपाठ. मुलगा श्रेयस म्हणाला, फोनवर सगळं दिसतं. फोन हातात असला की मूठ वळत नाही, हे त्याला सांगून उपयोग नाही.

५ सप्टेंबर
वखारीत तंबाखूच्या पोत्यावर ठोशांचा सराव. एकवीस झाले. बाविसाव्याला वरची थप्पी अंगावर आली. हमालांनी बाहेर काढलं. रवळू हमाल म्हणाला, "बाहुबलीअण्णा, पोत्यानं तुमचं काय केलतं?" त्याच्या पाठीत एक घातली. हात दुखला. सराव पुरे.

८ सप्टेंबर
आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व सुरू. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. बस्तीत, देवासमोर, प्रवचन फार सुंदर झालं. बाहेर आलो तर चप्पल नाही. शेजारच्याच्या पायात दिसली, थोबाडीत दिली. त्याची स्वतःचीच होती. माफी मागायची राहिली. सगळ्यांची माफी मागायचा क्षमावाणीचा दिवस पर्वानंतर येतोच.

१८ सप्टेंबर
क्षमावाणी. सगळ्यांना हात जोडले. दुपारी ब्राह्मीचा फोन. म्हणाली, "आप्पा, माझ्याकडनं काय चुकलं असंल तर क्षमा करा." करतो म्हणालो. आठ महिन्यांनी आवाज ऐकला, फार बरं वाटलं. पण फोनवरची क्षमा आणि दिल्लीतला कार्यक्रम हे दोन वेगळे विषय आहेत. येतोय एवढंच सांगितलं. संध्याकाळी बेळगावातून गाडी.

१९ सप्टेंबर, गाडीत
जेवण सूर्यास्तानंतर आलं. वेळ सांगून ठेवली होती. ताट ढकललं. आमटी समोरच्या फौजीच्या शर्टावर गेली. त्यानं माझी कॉलर धरली. मीही धरणार होतो, पण त्याची कॉलर फार उंचावर होती. दोन बटणं गेली. उपाशी आहे.

२० सप्टेंबर, सकाळी
नकाशा पाठ असून गुलाबी गाडी उलट्या दिशेनं निघाली. मयूर विहार आलं. चूक गाडीची. उतरायला पुढच्याला कोपर मारलं. निपाणीच्या स्टँडवर एवढ्यानं वाट मिळते. इथं तिघं मिळून भिडले. ओठ फुटला, चष्मा गेला. मीही एकाला चावलो.
चौकीत बसवलंय. दिल्लीत ओळखीचं कोण, विचारतात. साईराजचा नंबर द्यावा लागला.

२० सप्टेंबर, दुपारी, द्वारका
साईराज धावत आला. पोलिसांना म्हणाला, सासरे आहेत माझे. माझी पिशवी त्यानंच उचलली. त्याला तिथंच दोन ठेवून देणार होतो, पण चौकीत बरं दिसत नाही. शिवाय माझ्या हातानं फुटक्या ओठाला रुमाल धरला होता.
घरी ब्राह्मीनं कोमट पाण्यानं माझा ओठ पुसला. पोरगी वाळली आहे. मला भरून आलं. तिच्या डोक्यावर ठेवावा म्हणून हात वर केला.
तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वाटी सांडली. साईराज मधे येऊन उभा राहिला. हळूच म्हणाला, "आप्पा, मला मारा. तिला नगा."
मी म्हणालो, डोक्यावर ठेवणार होतो. दोनदा म्हणालो. ब्राह्मीनं तोंडावरचे हात काढले नाहीत.