गाडी कुठे आपटली होती का?

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (हा नुसता लिहिण्यापुरता नाही. गेले चार दिवस मी गॅरेजच्या फरशीवर पालथा पडून गाडीच्या पोटाखाली टॉर्च मारतो आहे, त्यामुळे आठही अंगं जमिनीला लागून झाली आहेत. तोंड तुमच्या घराच्या दिशेला होतं असं समजावं.) आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? जेवण वेळेवर होतं का? मामी गेल्यापासून तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र वाजत नाही, त्यामुळे ते न उचलण्याची सोय नाही.

विनंती विशेष अशी की, मी गाडी घेतली. म्हणजे आमची चार दारांची गाडी आहेच, ही दुसरी. स्पोर्ट्स कार. दोन दारं, दोन सीट, रंग लाल (जिथे उरला आहे तिथे), वय चौतीस. माझं बावन्न. छापखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला एकदा स्वतः भरघोस चूक करावीशी वाटते, त्यातलाच हा प्रकार. एका दातांच्या डॉक्टरांकडून घेतली. किल्ली देताना त्यांनी बराच वेळ माझा हात सोडला नाही. मला वाटलं त्यांना गाडीचं वाईट वाटतंय. आता वाटतं, माझं वाटत असावं.

गाडी इतकी बुटकी आहे की तिच्यात शिरताना उतरावं लागतं आणि उतरताना चढावं लागतं. (हे वाक्य मी दोनदा तपासलं आहे, बरोबर आहे.) बाहेर येताना मी आधी उजवा पाय, मग दोन्ही हात, मग थोडा विचार आणि मग उरलेला मी, अशा क्रमाने येतो. तुमच्या भाचेसुनेने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हसली नाही. "रोज करणार का हे?" एवढंच विचारलं. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. पुरेसे नमुने पाहिल्याशिवाय मत देत नाही.

तर गेल्या रविवारी सकाळी गाडी चालू झाली, दहा-बारा सेकंद छान गुरगुरली आणि बंद पडली. त्यानंतर किल्ली फिरवली की इंजिन नुसतं खर्रखर्र फिरायचं, पेट घेईना. मी बॉनेट उघडलं. बॉनेट उघडून आत बघत उभं राहण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे. हात कमरेवर, मान किंचित कलती, मधूनच एक 'हं'. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, आता हा काहीतरी करणार. तेच पाहून शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर थांबले. त्यांच्या मते दोष बॅटरीचा. नवी बॅटरी बसवली. इंजिन दुप्पट उत्साहाने खर्रखर्र करू लागलं, बाकी काही नाही. मग धक्का. पोस्टमास्तर मागून आणि मी उघड्या दारातून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून. आमच्या गल्लीला उतार आहे हे मला वीस वर्षं राहून माहीत नव्हतं. गाडी चालू झाली नाही, पण चालायला लागली. मी तिच्यामागे धावलो, कसाबसा आत पडलो आणि न्हाव्याच्या दुकानापासून हातभर अंतरावर ब्रेक लावला. आत त्याचा वस्तरा एका गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली थांबला होता. आम्ही दोघेही वेळेवर थांबलो, एवढंच म्हणतो. तिथून घरापर्यंत सगळा चढ.

सोमवारी स्पार्क प्लग काढले. गाडीबरोबर एक तेलकट पुस्तक मिळालं आहे, त्यात लिहिलंय की प्लगच्या वायरी काढण्यापूर्वी प्रत्येकीवर खूण करावी. ही ओळ मी वाचली होती. तिच्यात छपाईची एक चूक होती, ती मी पेन्सिलीने दुरुस्तही केली. खूण मात्र केली नाही. चारही वायरी उपटल्या, प्लग घासूनपुसून परत बसवले आणि मग पाहिलं तर चारही वायरी काळ्या, जवळपास सारख्याच लांबीच्या. म्हटलं, चार वायरी, किती प्रकारे चुकणार? (तेवीस. हे नंतर हिने सांगितलं.) अंदाजाने लावल्या. पोस्टमास्तर म्हणाले, कार्बोरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल ओतून बघा. मी चमचा आणला. ते किल्ली फिरवायला आत बसले, मी बघायला वाकलो. मामा, तसा आवाज तुम्ही जहाजाच्या इंजिनखोलीत ऐकला असेल, मी प्रथमच ऐकला. माझी उजवी भुवई गेली. डावी आहे. सध्या छापखान्यात मी काहीही बोललो तरी समोरच्याला ते अर्धंच पटतं. पोस्टमास्तरांना गाडीतून काढायला पाऊण तास लागला. इजा काही नव्हती, फक्त त्यांना बाहेर येण्याचा क्रम माहीत नव्हता.

संध्याकाळी ही कामावरून आली, माझ्याकडे पाहिलं, पुस्तक उघडलं आणि दहा मिनिटांत वायरी जागच्या जागी लावल्या. रक्ताच्या नळ्यांना लावते तशी प्रत्येकीला आकड्याची चिकटपट्टी लावली आणि पेट्रोलची बाटली जप्त केली. गाडी तरीही चालू झाली नाही, याचं मला (हे फक्त तुम्हाला सांगतो) थोडं बरं वाटलं.

बुधवारी मेकॅनिक आला. बारीक, कमी बोलणारा, नुसत्या जुन्या गाड्याच बघणारा माणूस. त्याने मला किल्ली अर्धीच फिरवायला सांगितली आणि स्वतः मागच्या चाकाजवळ बसून कान लावला.

"पंप बोलत नाही," तो म्हणाला. "पेट्रोल इंजिनापर्यंत जातच नाहीये." मग उठून हात पुसले. "साहेब, गाडी कुठे आपटली होती का?"

इथे मला जरा मागे जायला हवं. शनिवारी संध्याकाळी गाडी आत घेताना ती गॅरेजच्या भिंतीला टेकली. टेकली म्हणजे धडकली. पडलेलं प्लास्टर मी झाडून घेतलं आणि तिथे रंगाचे जुने डबे रचून ठेवले. त्याचं कारण असं की, दोन वर्षांपूर्वी हिने चार दारांची गाडी याच भिंतीला टेकवली होती, आणि तेव्हा मी अंतराचा अंदाज कसा घ्यावा हे तिला कागदावर आकृती काढून समजावलं होतं. (आकृती दोन रंगांत होती.) आणि आता मेकॅनिकसाठी पाण्याचा पेला घेऊन ही नेमकी दारात उभी.

"नाही," मी म्हणालो.

"थोडीशीसुद्धा?"

"अजिबात नाही."

मेकॅनिकने डब्यांकडे पाहिलं, बंपरकडे पाहिलं, माझ्या नसलेल्या भुवईकडे पाहिलं. "मग मला काही सांगता येत नाही," म्हणाला, पाणी प्यायला आणि हत्यारं गोळा करून गेला.

तर मामा, गाडी अशी उभी आहे. पस्तीस वर्षं जहाजाची इंजिनं सांभाळलेला माणूस घरात असताना मी पोस्टमास्तरांचं ऐकत बसलो, ही चूक मान्य. तुम्ही येऊन एकदा कान लावावा. मागची खोली रिकामी करून ठेवली आहे, पलंग खिडकीशी घेतला आहे, गुडघ्यासाठी गादी कडक आणली आहे. काम आठवड्याचं दिसतं. महिनाही लागेल.

तुमचा भाचा

ता. क. हत्यारांची पेटी आणू नका, फार जड आहे. नुसते या.

आणखी ता. क. पाकीट बंद करवत नाही, म्हणून खरं लिहितो. गुरुवारी ही कामावर गेल्यावर मी मेकॅनिकला फोन करून भिंतीचं सांगितलं. तो म्हणाला, "ते मला कालच दिसलं होतं. घरच्यांसमोर कशाला बोलायचं?" गाडीला दणका बसला की पेट्रोलचा पंप आपोआप बंद करणारं एक बटण असतं, डॅशबोर्डच्या खाली. ते दाबलं. पहिल्या किल्लीला गाडी चालू झाली, अजून उत्तम चालते आहे. मामा, मामीला जाऊन आठ महिने झाले. जेवायला बोलावलं, आला नाहीत. दोनदा दाराशी येऊन गेलो, तर आतूनच "बरं आहे माझं" म्हणालात. आजारी इंजिनाला मात्र तुम्ही कधी नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. दुसरं काही सुचेना, म्हणून एवढं लिहिलं.

मामा, मी तुमची भाचेसून लिहिते आहे. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट उघडंच होतं, वाचलं. चांगल्या गाडीसाठी तुम्हाला खोटं सांगून बोलवावं हे मला पटलं नाही. म्हणून आज सकाळी इंजिनातली एक वायर मी काढून ठेवली आहे. कुठली आणि कुठे, ते यांना सांगितलेलं नाही. आता गाडी खरोखरच चालू होत नाही. तुम्ही निघा.