झेंड्यांच्या बाहेर

३ जानेवारी
संकल्प: अठरा तारखेची जीवरक्षक क्लबची पोहण्याची वार्षिक चाचणी पास व्हायचीच. नापास झालो तर किनाऱ्यावरची गस्त बंद, लाल-पिवळी टोपी परत. मी, मर्व्ह ट्रँटर, ज्याने कॅरंग बीचवर निम्मं गाव बुडताना वाचवलं, आणि चाचणी मला! बायको म्हणते, निम्मं गाव नव्हे रे, एक पोस्टमन आणि दोन कुत्री. ग्लेनिसला आकडेमोडीची वाईट खोड आहे.

५ जानेवारी
केरिनने झेंडे पुन्हा हलवले. केरिन म्हणजे आमची मुलगी, यंदा गस्तीची कॅप्टन. पोहायला तिला मीच शिकवलं. लोकांनी दोन झेंड्यांच्या मध्येच पोहायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण झेंडे क्लबसमोर लावायची आमची पद्धत. ही बया रोज पहाटे पाण्याकडे बघत उभी राहते आणि झेंडे नेते पार खडकांकडे. माझ्या गुडघ्यांचा विचार शून्य. विचारलं तर म्हणे, बाबा, वाळू सरकलीय, क्लबसमोर रिप आहे, तो प्रवाह माणसाला आत ओढून नेईल. रिप काय असते ते मला सांगते!

८ जानेवारी
सराव: नाही. वारा होता. खिम्याचा मीट पाय खाल्ला, एक. नंतर आणखी एक, कारण पहिला लहान होता.

११ जानेवारी, दुपार
क्लबसमोर पाण्यात उतरणाऱ्या एका पर्यटक कुटुंबाला फैलावर घेतलं. सांगितलं, जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत आणि गडद दिसतं, तिथेच रिप असते. सापडलात तर किनाऱ्याकडे हात मारत बसू नका, दमून जाल. तरंगत राहा आणि एक हात वर करा, आम्ही येतो. त्या बाई म्हणाल्या, बरं झालं काका सांगितलंत. ऊर भरून आला. केरिनने सगळं ऐकलं, पण शाबासकी नाही. हे आईकडून आलंय.

१४ जानेवारी
वैताग! झेंड्यांच्या मध्ये सराव अशक्य. पोरं, फुगे, कुणाच्या तरी आजीच्या लाथा. आणि झेंडे शेवटी पर्यटकांसाठी असतात, आमच्यासारख्यांसाठी नव्हे. उद्या पहाटे गस्त यायच्या आत क्लबसमोर उतरणार. तिथलं पाणी सध्या काय सुरेख शांत आहे!

१५ जानेवारी
सुरुवातीला वेग उत्तम. वाटलं, जुना मर्व्ह परत आला. वळून पाहिलं तर क्लब काडेपेटीएवढा. किनाऱ्याकडे हात मारले. मारतच राहिलो, क्लब आणखी लहान झाला.

तेवढ्यात केरिन झेंडे घेऊन आली. तिने मला पाहिलं. हात वर करायचा, हे मला माहीत होतं. पण मुलीसमोर? सगळ्या क्लबसमोर? नाकातोंडात पाणी गेलं. भ्यालो. फार भ्यालो. तरी हात वर केला नाही.

ती बचावाच्या बोर्डवरून हात मारत आली, मला काखेत धरून वर ओढलं. ओरडली, हात का नाही वर केलात बाबा? म्हटलं, मी प्रवाहाची पाहणी करत होतो. किनाऱ्यापर्यंत तिचा चेहरा ओला होता. समुद्रात चेहरा ओला व्हायचाच.

१६ जानेवारी
चहा गार. ग्लेनिस एवढंच म्हणाली, पोरगी रात्रभर झोपली नाही रे. चाचणीला मी जाणारच.

१८ जानेवारी, संध्याकाळ
गेलो. केरिनने पाण्यात उतरू दिलं नाही. टोपी मागितली. दिली.

मग म्हणाली, बचावाच्या चाचणीत बुडणाऱ्याचं काम करायला कुणीतरी लागतं, दर वर्षी शोधाशोध होते. तुम्ही कराल का? झेंड्यांच्या मध्ये, कमरेएवढ्या पाण्यात. हात वर करून थांबायचं, बाकीचे एकेक करून वाचवायला येतील.

केलं. सगळ्यांनी मला वाचवलं, पोस्टमननेसुद्धा. शेवटी केरिन स्वतः पाण्यात आली. माझं मनगट धरून हळूच म्हणाली, बाबा, चाचणी कधीच संपली. आता हात खाली घ्या.