नाना, आपल्या घरात आता जाहिरात लागत नाही

नाना,

तुमच्या नावावरचं डिशचं कनेक्शन मी बंद केलं. गच्चीवरची छत्री उतरवली, भंगारवाल्याला दिली आणि कठड्याला पडलेली भोकं सिमेंटने बुजवून घेतली. हे तुम्हाला आवडणार नाही हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनच केलं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्या मनाविरुद्ध मी बरंच काही केलं, त्यातलं काहीच तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही. हे मात्र सांगायचंय, कारण तुम्ही माझ्यावर आयुष्यात एकदाच आवाज चढवलात, तो याच गोष्टीवरून.

मी पाचवीत असेन. रविवारचा सिनेमा लागला होता, सिडकोतल्या आपल्या पुढच्या खोलीत शेजारची दोन-तीन माणसंही बसली होती. ऐन रंगात आलेला सिनेमा थांबला आणि साबण, चहा, सायकल असं सुरू झालं. मी उठले आणि टीव्हीचा आवाज पार बंद केला. तुम्ही ताटावर होता. हातातला घास तसाच धरून म्हणालात, "आवाज कर." मी म्हटलं, "जाहिरात आहे नाना." त्यावर तुम्ही इतक्या जोरात ओरडलात की शेजारच्या काकू पदर सावरत उठल्याच. "जाहिरात आहे म्हणजे? कोणीतरी राबून केलीय ती. या घरातलं अन्न जाहिरातीचं आहे, कळलं? ज्याला ती नको त्याने जेवू नये." मी आवाज केला. तेव्हापासून घराचा नियमच झाला. जाहिरात चालू असताना कोणी उठायचं नाही आणि तोंड वाकडं करायचं नाही. फक्त आई सुटायची, कारण तेवढ्यात तिला कुकर बघायचा असायचा, आणि तिला तुम्ही कधी अडवलं नाहीत.

तुमचा अभिमान मला कळत नव्हता असं नाही. पेठच्या घाटापासून देवळ्यापर्यंत रस्त्याकडेच्या किती भिंतींवर तुमची अक्षरं होती. सिमेंट, बियाणं, बिडी, धुण्याची पावडर. दहा फुटी अक्षर तुम्ही हाताने काढायचात आणि वेलांटी अशी वळवायचात की एसटीतून जाणारा माणूस मान वळवून बघायचा. मी स्वतः बघितलंय. पुढे फ्लेक्स आले, तुमचे रंगाचे डबे सुकून गेले आणि तुम्ही दुसऱ्याच्या दुकानात फ्लेक्सच्या कडांना दोरीसाठी रिंगा ठोकायला बसलात, तेही बघितलंय. त्या दिवसांत मला तुमची कीव यायची आणि मी ती दाखवत नव्हते. पण आज मला वेगळ्याच भिंतीबद्दल बोलायचंय.

वणीच्या रस्त्यावरची ती भिंत तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. मला मे महिन्याची सुट्टी आहे, मी बारा वर्षांची आहे आणि निळीत बुडवलेल्या दोरीचं एक टोक धरून उभी आहे. तुम्ही दुसरं टोक ताणून धरता, मधोमध दोरी उचलून सोडता आणि पांढऱ्या भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. मला ते फार आवडायचं. तेवढ्यात घरातून एक म्हातारी बाहेर येते. कपाळ मोकळं, हाताला शेण लागलेलं. ती रेघ बघते आणि म्हणते, "भाऊ, हे काय करता? भिंत माझी हे. मला इथं काय नको." भिंत ठरवून देणाऱ्या तिच्या पुतण्याकडे तुम्ही बघता. तो म्हणतो, "काढा हो तुम्ही, काकीचं काय ऐकता." ती परत म्हणते, "सकाळी दार उघडलं की मी हेच बघायचं का रोज? मी सारवलेली भिंत हे ती." आणि तुम्ही हसलात, नाना. हसून म्हणालात, "मावशी, रंग फुकट मिळतोय. घर उजळून निघेल बघा." ती उंबऱ्यावर बसली आणि तुम्ही भिंत संपवेपर्यंत तिथेच बसून राहिली. दुपारी तिनेच आपल्याला पाणी दिलं. येताना एसटीत मी विचारलं, "ती नको म्हणत होती ना?" तुम्ही म्हणालात, "सवय होते लोकांना. आठ दिवसांनी विचार तिला." आपण आठ दिवसांनी गेलो नाही. कधीच गेलो नाही.

आता आईबद्दल सांगते. तुम्ही असताना ती जशी होती, तशी ती आता नाही. दीड वर्षापूर्वी तिच्या डोक्यात एक बारीकशी गुठळी झाली. हातपाय वाचले, बोलणंही वाचलं, पण नुकतंच घडलेलं तिच्यापाशी टिकत नाही. जुनं सगळं लख्ख आठवतं, पाच मिनिटांपूर्वीचं मात्र मध्ये दुसरं काही आलं की निसटतं. डॉक्टर म्हणाले, जे आवडतं ते करू द्या, ज्यात मन लागतं ते बघू द्या. तिचं मन लागायचं एका मालिकेत. थोरली सून धाकटीचा गुन्हा स्वतःच्या अंगावर घेते, अशी काहीतरी ती गोष्ट. मी शेजारी बसायचे. आई अगदी गुंगून बघायची आणि मग मध्ये जाहिराती यायच्या. एक नाही, आठ-दहा. त्या संपून मालिका परत सुरू झाली की ती माझ्याकडे वळून विचारायची, "ही कोण गं? ही का रडतेय?" मी सांगायचे. परत दहा मिनिटांनी जाहिराती, परत तेच. एका संध्याकाळी तिने चौथ्यांदा विचारलं आणि मी जरा तुटकपणे म्हटलं, "अगं, आत्ताच तर सांगितलं." ती म्हणाली, "मला वेड लागलंय का गं? बंद कर ते. मला नाही कळत आता."

दुसऱ्या दिवशी तिने टीव्ही लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खुर्ची खिडकीकडे वळवून बसायला लागली, आणि आपल्या खिडकीतून दिसतं काय, तर समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी. जेवण अर्ध्यावर आलं. मी शाळेच्या ऑफिसातून दुपारी घरी यायचे तेव्हा ती सकाळी मी सोडलं होतं त्याच जागी असायची. तेव्हा मी ठरवलं की जाहिराती या घरातून जातील.

ठरवणं सोपं होतं. आधी मी दुकानात गेले. तिथला माणूस म्हणाला, "ताई, एकदम सिंपल आहे. हा रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्या, पेनड्राइव्ह लावा, संध्याकाळी आपोआप रेकॉर्ड होईल. दुसऱ्या दिवशी बघायचं आणि जाहिरात आली की पळवायची." मी बॉक्स आणला. पण पळवताना चित्रं अशी भराभर धावायची की आई डोळ्यांवर हात घ्यायची. "थांबव गं, घेरी येते." मी थांबवायचे तर भलत्याच ठिकाणी, मग मागे जायचं, परत पुढे, आणि तोवर गोष्ट तिच्या हातून गेलेली. त्यात दोनदा संध्याकाळी लाइट गेली आणि अर्धाच भाग रेकॉर्ड झाला. थोरली सून पोलिसांच्या गाडीत चढते आणि पडदा काळा. त्या दिवशी आई दिवसभर अस्वस्थ होती. तिला कारण आठवत नव्हतं, भीती तेवढी राहिली होती.

मग इंटरनेट घेतलं. वायर ओढायला आलेल्या पोरीनेच मला टीव्हीवर ॲप टाकून दिलं. पोरगीच होती, शिडी स्वतः घेऊन आली होती. मी स्वस्तातला प्लॅन घेतला आणि पहिल्याच भागात साबणाची जाहिरात. परत नीट वाचलं तर प्लॅनच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, जाहिरातींसह. एवढं बारीक तुम्ही जन्मात लिहिलं नसतं, हे कबूल करते. सगळ्यात वरचा प्लॅन घेतला, तरी चालू चॅनेल लावलं की जाहिराती होत्याच. शेवटी त्या पोरीला फोन केला. ती म्हणाली, "काकू, लाइव्ह नका बघू. तोच भाग नंतर उघडा, मग मध्ये काही येत नाही." एवढंच होतं ते. मध्ये सुटलेले भागही तिथे होते, तेव्हा जिथे सोडलं तिथूनच रोज दुपारी एक बघायचा. सलग, मध्ये एकही खंड नाही.

हे सगळं, आणि आता डिशही बंद करते असं, मी दादाला फोनवर सांगितलं तर तो भडकला. पुण्याहून दोन महिन्यांतून एकदा येतो आणि घरातलं काही हललेलं त्याला चालत नाही. "नानांचं कनेक्शन आहे ते. ज्या माणसाने आयुष्यभर जाहिराती रंगवल्या त्याच्या घरात तू जाहिराती बंद करणार? लाज वाटत नाही?" मी म्हटलं, "नाही वाटत." तो म्हणाला, "आणि आईला आवडतात त्या. हसते ती बघून." मी म्हटलं, "तू ये आणि बस तिच्या शेजारी. एक दुपार बस." तो आला. त्याला बसवलं आणि मी मुद्दाम स्वयंपाकघरात गेले. भाग संपला तेव्हा दादा उगीचच बोलायचं म्हणून म्हणाला, "आई, ही थोरली काही बोलत का नाही? मूर्खच आहे." आणि आई म्हणाली, "मूर्ख नाही रे. तिला सगळं माहितीये. तिजोरी धाकटीने उघडली ते तिने जिन्यातून बघितलं. पण धाकटी पोटुशी आहे ना, म्हणून ती गप्प बसली. आता सासऱ्याला संशय आलाय, मघाशी त्याने किल्ल्या मोजल्या." सगळं बरोबर, पहिल्यापासून शेवटपर्यंत आणि क्रमाने. मी चहा घेऊन बाहेर आले तर दादा तिच्याकडे नुसता बघत होता. त्याने कप घेतला आणि मला म्हणाला, "बंद करायचा अर्ज कुठे द्यायचा ते बघ. माझी सही लागली तर सांग."

तुम्हाला वाटेल, जिंकले म्हणून लिहितेय. थांबा, पुढचंही सांगते, लपवत नाही. दादा गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात एके दुपारी भाग संपला आणि आई खुर्चीतून उठेना. हात धरायला गेले तेव्हा कळलं, साडी ओली होती. ती रडत म्हणाली, "जाहिरात लागली की जाईन म्हणत होते. लागलीच नाही गं." चाळीस वर्षं ती जाहिरात लागली की उठायची, कुकर बघायची, मोरीत जाऊन यायची. ती तिची उठायची वेळ होती आणि मी ती काढून घेतली होती. मी तिला न्हाऊ घातलं, वेणी घातली, आणि ती झोपल्यावर बराच वेळ मोरीतच बसून राहिले.

पण म्हणून मी जाहिराती परत आणल्या नाहीत, नाना. तुम्ही म्हणाला असतात, "बघ, उपयोग होता की नाही?" होता. उपयोग मी नाकारत नाही. पण आता मी स्वतः चित्र थांबवते. दर पंधरा मिनिटांनी विचारते, "आई, जाऊन यायचं का? पाणी देऊ?" ती हो म्हणाली तर जातो, नाही म्हणाली तर पुढे बघतो. परत सुरू करताना थोडं मागे घेते, म्हणजे तिचा धागा तुटत नाही. मी तिला विचारते. साबणवाल्याने तिला कधी विचारलं नाही, आणि वणीच्या रस्त्यावर तुम्हीही विचारलं नाहीत. तुमच्या हातची अक्षरं सुंदर होती. त्या बाईच्या दारात त्यांचं काही काम नव्हतं. ही दोन्ही वाक्यं मी एका दमात बोलू शकते, आणि तुम्ही समोर असतात तरी बोलले असते. तुम्ही ओरडला असतात तरी यावेळी मी टीव्हीचा आवाज केला नसता.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे मला कळतं. वहीतच राहील. एक गोष्ट मात्र लिहून टाकते, कारण ती ना दादाला सांगितलीय, ना आईला. मालिकांना मी जन्मभर नावं ठेवली. पण गेले दोन-तीन आठवडे आई दुपारची आडवी झाली की मी आवाज अगदी बारीक करून आम्ही बघतोय त्याच्या पुढचे भाग बघून टाकते. मला राहवतच नाही. मग दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी बसून काहीच माहीत नसल्यासारखं विचारते, "आई, ही का रडतेय गं?" आणि ती मला नीट, न चिडता, पहिल्यापासून समजावून सांगते.