म्हैस सोडवल्याचा अनुभव

मुंबई, ता. १२ जून १९३८

ती. मायच्या पायांवर डोकं ठेवून हिलाल लिहितो. मी बरा आहे, जेवण ठीक आहे. धाकट्या लोटननं हे तुला सावकाश वाचून दाखवावं.

इंटरला रसायनात एक्याऐंशी मिळवले, तरी डॉक्टरीच्या प्रवेश परीक्षेत मला शंभरात बावन्नच दिले. तोंडी परीक्षेला सुटाबुटातले तीन साहेब होते. विचारलं, रोग्याच्या सेवेचा काही अनुभव? मी सांगितलं, आमची म्हैस अडली तेव्हा हात घालून पारडू मीच काढलं, दोघंही जगली. तिघं खदखदून हसले. त्यांचे हात जन्मात कोपरापर्यंत भरले नसणार. माझ्या आधीचा पोरगा माझ्याच वर्गातला, बेडूक चिरायचं नाव काढलं की नाकाला रुमाल लावतो. बाप बॅरिस्टर, म्हणून त्याला सत्तर. असल्यांच्या हाती मुंबई आपली नाडी देते.

यादी महिनाभरात लागेल, काळजी करू नकोस. पारडू केवढं झालं?

माय, "मन्हा डोया मन्हा पोऱ्याच देखी" म्हणत तू दोन वर्षं थांबलीस, मी डॉक्टर होऊन तुझा डोळा तपासायची वाट बघत. आता नंदुरबारला जा आणि दवाखान्यात डोळा दाखवून घे.

लोटन, हे वाचताना गाळू नकोस.

तुझा,
हिलाल