फक्त पंधरा दिवस

डोंबिवली,
२४ मे

प्रिय मेलरॉय,

तुझे मेसेज मिळाले. 'जागा बघून आलीस का? हो की नाही, एवढंच सांग.' हे हो-नाहीत बसत नाही, आणि फोनवर बोलायची सोय नाही, कारण घर वन बीएचके आहे आणि डॅडींचे कान अजून ठणठणीत आहेत. म्हणून टाइप करून पाठवतेय. कृपा करून शेवटपर्यंत वाच. नुसता अंगठा दाखवून मोकळा होऊ नकोस. जूनमध्ये तू दहा दिवस येणार आणि डॅडींना बदलापूरच्या पुढच्या त्या वृद्धाश्रमात ठेवून मस्कतला परत जाणार. त्याआधी मी जाऊन जागा बघायची आणि होकार कळवायचा, असं आपलं ठरलं होतं. बघून आले. काय ठरवलं तेही लिहिते, पण आधी कुत्र्यांबद्दल लिहावं लागेल. तुझ्या प्रत्येक मेसेजच्या शेवटी 'कुत्रे कमी कर, म्हणजे दमणार नाहीस' असतं, म्हणून.

खारी आणि टोस्ट या माझ्या दोघांना तू फक्त व्हिडिओवर पाहिलं आहेस, आणि व्हिडिओत ते झोपलेले असतात, कारण जागे असताना ते फ्रेममध्ये मावत नाहीत. दोघंही रस्त्यावरचे, दोघंही तरुण. उन्हाळ्यात कुत्र्याची ताकद कमी होते असं लोकांना वाटतं. तसं होत नाही, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. सकाळी ऊन रस्त्यावर उतरायच्या आत फिरवून आणायचं, कारण नंतर डांबरावर मला तळहातसुद्धा टेकवता येत नाही, मग त्यांचे पाय कसे टेकतील? त्यानंतर पार संध्याकाळपर्यंत ती सगळी ताकद हॉल ते किचन ते बाल्कनी अशी गोल फिरते. टोस्ट वळणावर घसरून फ्रीजवर आपटतो, उठतो, परत धावतो. खारीने या महिन्यात शेवंतीमावशींच्या चपलांचा दुसरा जोड संपवला. शेवंतीमावशी खालच्या मजल्यावर राहतात, मी ऑफिसला गेले की दुपारी डॅडींजवळ येऊन बसतात. त्या म्हणाल्या, "बाय, तू लग्न कर. नवरा आला की कुत्रे आपोआप कमी होतील." मी म्हटलं, मावशी, नवरा चपला कुरतडत नाही याची खात्री द्या, मग बघू. त्यावर त्या म्हणाल्या, "माझा तर अख्ख्या घराला कुरतडायचा," आणि निघून गेल्या. त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नव्हता, लाइट दोनदा गेली होती. मी केस न धुता ऑफिसला गेले आणि दिवसभर कोल्ड स्टोरेजच्या तापमानाचे आलेख बघत बसले. दुसऱ्यांची कोळंबी उणे अठरावर नीट राहते आहे ना, हे बघणं माझं काम आहे.

आता पाहुण्यांबद्दल. ठाण्याची प्राची रस्त्यावरचे, सोडून दिलेले कुत्रे उचलते आणि घर मिळेपर्यंत आमच्यासारख्यांकडे ठेवते. मे महिन्यात लोक गावाला जातात आणि त्यांचे कुत्रे आमच्याकडे येतात. काही परत नेले जातात, बरेचसे नाहीत. प्राचीचा फोन नेहमी सारखाच असतो: "लिओना, फक्त पंधरा दिवस गं." ती खोटं बोलत नाही. सांगताना तिला तसंच वाटत असतं. मी कुठल्याच कुत्र्याला नाव ठेवत नाही, सगळ्यांना पाहुणा म्हणते. नाव ठेवलं की देताना हात जड होतो. आणखी एक नियम आहे, तो लक्षात ठेव. नवीन आलेल्या कुत्र्यासमोर उभं राहायचं नाही. डोळ्यांत बघायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. जवळच जरा तिरकं होऊन खाली बसायचं, हात मोकळा ठेवायचा, आणि आपलं काहीतरी करत राहायचं. यायचं असेल तेव्हा तो येतो.

एप्रिलमध्ये आलेला पाहुणा दिवा स्टेशनजवळचा. एका बंद पडलेल्या गाळ्यात बांधून ठेवलेला, तपकिरी, कान मोठे, गळ्याभोवती दोरीचा वळ. आमच्याकडे आल्यावर तो बाल्कनीच्या कोपऱ्यात वॉशिंग मशीनच्या मागे शिरला. कोणी बघत असलं की पाणीही पीत नव्हता. खारी-टोस्टला बेडरूममध्ये कोंडून मी लॅपटॉप घेऊन जमिनीवर तिरकी बसले, नियमाप्रमाणे. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी डॅडी त्यांचा स्टूल घेऊन बाल्कनीत आले. तुला आठवत असेल, बर्फाच्या कारखान्यातून आले की ते दारात बसायचे आणि फडक्यात गुंडाळून आणलेला बर्फाचा तुकडा आपल्या दोघांच्या हातांवर ठेवायचे. आधी कोण सोडतो, त्यावर पैज. तू नेहमी जिंकायचास. डॅडींनी फ्रीजमधून बर्फाचा अख्खा ट्रे काढला होता. एक खडा हातात धरून ते रस्त्याकडे बघत बसले. पाणी ठिबकत होतं. पाहुण्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. बऱ्याच वेळाने पाहुणा बाहेर आला आणि त्यांच्या मनगटावरून ओघळणारं पाणी चाटायला लागला. डॅडी त्याला म्हणाले, "कवा आयलास रं मेल? पानी पिलास का?"

आपल्याशी ते कधी गावच्या बोलीत बोलले नाहीत. शाळेत अडचण होईल म्हणून मम्माने त्यांना बोलू दिलं नाही. आता त्यांच्या तोंडी ती बोलीच उरली आहे.

पहिल्या वेळी मी दुरुस्ती केली. डॅडी, मेलरॉय मस्कतला आहे, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मंग यो कोन?" पुन्हा मी दुरुस्ती केली नाही. आठवड्याभरात पाहुणा त्या नावाला कान टवकारायला लागला. सकाळी डॅडींचा चहा होईपर्यंत तो स्टुलाशी बसायचा. खारी आणि टोस्ट घरभर धिंगाणा घालायचे आणि हे दोघं बाल्कनीत बर्फ संपवत बसायचे. तुला वाईट वाटेल म्हणून कळवलं नव्हतं. वाटायला हवं होतं का, ते मला सांगता येत नाही.

कुत्रा द्यायच्या आधी आम्ही ते घर बघतो. संध्याकाळी जाऊन उपयोग नसतो, तेव्हा सगळे घरी असतात, केर काढलेला असतो, पंखा चालू असतो. मी भर दुपारी जाते. कुत्रा दुपारी कुठे पडेल, त्या वेळी घरात कोण असेल, आणि पाणी कुठे आहे, एवढंच बघते. पाणी आहे का असं विचारत नाही. ते सगळ्यांकडे असतं. कोणाला न उठवता, न मागता त्याला ते मिळेल का, हे बघते. पाहुण्यासाठी कल्याणच्या संदेशने विचारलं. कांद्या-बटाट्याच्या घाऊक बाजारात काम करतो, घर बाजारामागेच. मी पोचले तेव्हा त्याची आई ओट्यावर पापड वाळत घालत होती. मला खालून वर बघून म्हणाली, "या. मुलगा बघायला आलात ना? आमच्याकडे मुलीचे लोक असे उन्हाचे येत नाहीत." मी मोरीकडे गेले. दाराशी सिमेंटचं जुनं घमेलं होतं, काठोकाठ भरलेलं, आणि गल्लीतली एक लंगडी कुत्री त्यात तोंड घालून पीत होती. म्हणजे ते घमेलं आमच्या फोनच्या आधीपासूनचं, मला दाखवायला ठेवलेलं नव्हतं. संदेशला तिथेच होकार दिला. गेल्या रविवारी पाहुणा गेला. त्याला काय हाक मारायचात, असं संदेशने विचारलं. नाव ठेवलं नव्हतं, असं मी सांगितलं.

त्याआधी, शनिवारी, मी तुझी जागा बघायला गेले होते. दुपारीच गेले. न कळवता गेले म्हणून व्यवस्थापक जरा बिचकले, पण त्यांनी सगळं दाखवलं. जागा वाईट नाही, हे लिहायलाच हवं. चादरी स्वच्छ, बाथरूममध्ये धरायला दांडे, नर्स हसतमुख, मागे आंब्याची दोन झाडं. पलंगांवर माणसं पडली होती, पंखे फिरत होते. पाण्याचा फिल्टर कॉरिडॉरच्या टोकाला होता, चांगल्या कंपनीचा. पेले दिसले नाहीत. विचारलं तेव्हा नर्स म्हणाली, "ऑफिसात असतात हो, मॅडम. हे लोक फोडतात नाहीतर उशीखाली लपवतात. मागितलं की लगेच देतो." आणि देतही असतील. पण डॅडींना तहान लागली की ती तहान आहे हे आता दर वेळी कळत नाही. कधी ते म्हणतात भूक लागली, कधी म्हणतात कामावर जायचंय. ते मागणार काय? परतताना मनात मी जागा नापास केली होती आणि, खरं सांगते, मला बरं वाटत होतं. तुला चार कडक वाक्यं लिहायची तयारी झाली होती.

ती वाक्यं मी लिहिली नाहीत, कारण मंगळवारी मी ऑफिसातून लवकर आले. शेवंतीमावशींची भाची पडली म्हणून त्यांना अचानक दवाखान्यात जावं लागलं होतं. मला फोन केला होता, मी मीटिंगमध्ये होते. डॅडी मार्चमध्ये एकदा जिना उतरून थेट स्टेशनपर्यंत गेले होते, तेव्हापासून दाराला बाहेरून कडी असते. ऑफिसला जाताना फ्रीजला मी लहान मुलं असलेल्या घरात लावतात तसा पट्टा लावून जायचे, कारण ते सगळा बर्फ कुत्र्यांना वाटून टाकायचे आणि दार उघडंच ठेवायचे. पाण्याच्या बाटल्या फ्रीजमध्ये. माठ ओट्याच्या वरच्या फळीवर, खारीने पाडू नये म्हणून. लाइट गेली होती. मी कडी काढली तेव्हा डॅडी हॉलमध्ये जमिनीवर बसले होते, मांडीवर कुत्र्यांचं स्टीलचं भांडं, दोन्ही हातांनी धरलेलं. खारी एका बाजूला, टोस्ट दुसऱ्या, दोघंही गप्प. डॅडींची हनुवटी ओली होती. मला बघून त्यांनी भांडं पुढे केलं आणि म्हणाले, "घे. गार हाय."

माझ्या घरात कुत्र्यांची पाण्याची भांडी तीन आहेत. प्रत्येक खोलीत एक.

मी भांडं घेतलं. प्यायले. मग उठून फ्रीजचा पट्टा काढला.

आता तुझा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी डॅडी राहायचे ती कोपरीची बिल्डिंग नव्याने बांधायला दिली तेव्हा तू फोनवर म्हणाला होतास, "लिओना, फक्त पंधरा दिवस तुझ्याकडे ठेव, मी व्हिसाचं बघतो." तू खोटं बोलला नव्हतास. मीही तेव्हापासून त्यांना पाहुण्यासारखंच ठेवलं. जेवण, औषधं, स्वच्छता, कशात कमी नाही. पण त्यांचं कुठेतरी दुसरीकडे ठरायचं आहे, असं धरून. घर त्यांच्यासाठी लावलं नाही, त्यांच्यापासून जपलं. बुधवारी मी प्राचीला फोन केला आणि सांगितलं, यापुढे माझ्याकडे कुत्रा पाठवू नकोस, जागा भरली. ती म्हणाली, "अगं, कोण आलं?" म्हटलं, आधीच आलेले आहेत. ऑफिसने आठवड्यातले तीन दिवस घरून काम करू दिलं आहे. माठ खाली आला, खारीने एकदा पाडलाही. डॅडी बदलापूरला जाणार नाहीत. तू त्यांना मस्कतला ने, असंही मी म्हणत नाही. ते माझ्याकडे राहतील.

पण माझी एक मागणी आहे, आणि हे पत्र मी तिच्यासाठीच लिहायला घेतलं. कुत्रा ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक बदली माणूस लागतो. प्राची त्याशिवाय कुत्रा देतच नाही. मला तो नाही. मी दमले आहे, मेलरॉय, आणि कुत्र्यांमुळे नाही. जूनमध्ये दहा दिवसांसाठी येऊ नकोस, महिनाभराची रजा काढ. हॉटेल नको, इथेच राहा, हॉलमध्ये गादी टाकू. टोस्ट पहिल्या दिवशी तुझ्या अंगावर झेप घेईल. खारीपासून बूट वर ठेव. रविवारपासून डॅडी सकाळी दारात उभे राहतात आणि विचारतात, "मेल खय गेला?" ते कोणाला शोधतात, हे मी विचारत नाही. तू आलास तरी ते तुला बहुधा ओळखणार नाहीत. दारात उभा राहून 'डॅडी, ओळखलंत का' असं विचारू नकोस. डोळ्यांत बघू नकोस, मिठी मारू नकोस. बाल्कनीत त्यांच्या स्टुलाशेजारी जरा तिरका होऊन जमिनीवर बस, आणि आपलं काहीतरी करत राहा. हात मोकळा ठेव. बर्फ फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात आहे, पट्टा आता नाही. वेळ लागेल. ते येतील.

तुझीच,
लिओना