प्लॉटातलं खारं पाणी

सामरवरणी, सिल्वासा
७ नोव्हेंबर १९९३

चि. अनंत यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बोअरच्या पाण्यात तुझ्या वहिनीची डाळ शिजेना, म्हणून अखेर पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं. डाळ आता शिजते. तक्रार माझ्या घोरण्यावर आली आहे. हे यंत्र दर रविवारी आतून मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. ते खारं पाणी आमच्या अंगणात सोडलं तर सुमनचा मोगरा जळेल. म्हणून पाइप तूर्त भिंतीपलीकडे, तुझ्या रिकाम्या प्लॉटात काढला आहे. यात तुझाच फायदा: गवत फुकटात जळालं. गावातल्या गाई रविवारी येऊन ती माती चाटतात, तेवढंच पुण्य तुझ्या नावावर. बांधकाम काढलंस की पाइप हलवतो.

सौ. पद्मजेस आशीर्वाद. माया आहेच, ती सांगून पातळ करत नाही.

तुझा,
मधुकर

नाशिक रोड
१६ जानेवारी १९९४

ती. दादांस,
अनंताचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पद्मजेचा भाऊ विलास दमणहून परतताना आपला प्लॉट बघायला थांबला. तिथे शेंदूर फासलेला दगड आहे, भगवा झेंडा आहे, आणि एका गृहस्थाने त्याला चपला बाहेर काढायला लावल्या. बाहेर म्हणजे रस्त्यावर.

दादा, मेमध्ये मी निवृत्त होतो. क्वार्टर त्याच महिन्यात सोडायचं आहे. दुसरी जागा आम्हांला नाही. कंत्राटदार म्हणतो, देवावर जोतं घालणार नाही. पद्मजा विचारते, तुमच्या दादांना सगळ्या सिल्वाशात सांडपाण्याला धाकट्या भावाचीच जमीन सापडली का. दगड हलवा असं मी म्हणत नाही. तसाच राहू द्या असंही म्हणत नाही.

वहिनींस नमस्कार. रागावून लिहिलं आहे, तेवढं वजा करून लोभ ठेवावा.

आपला,
अनंत

सामरवरणी
२० मार्च १९९४

चि. अनंत यास अ. उ. आ.

पद्मजेचा प्रश्न रास्त आहे.

दगड बसवला तो मागच्या चाळीतल्या चिंधाने. धुळ्याकडचा आहे, सूतगिरणीत असतो. त्याचं म्हणणं, जनावर जिथे आपसूक येऊन मान खाली घालतं ती जागा जागती. मी सर्वांसमक्ष सांगितलं की हे माझ्या यंत्राचं मीठ आहे. त्याने माती चाखली, मीठ आहे हे कबूल केलं, आणि विचारलं की शेठ, तुम्हांला पाइप इथेच काढायची बुद्धी कोणी दिली?

मग चाळीच्या नळावर बायकांचं बोलणं कानावर घेतलं. एकीचं मत पडलं की देव दगडात नसतो, गाईंमागून येतो. हे मला पुरलं. पाइप फिरवून माझ्या फाटकाबाहेर सोडला. दोन-तीन रविवार गाई दोन्हीकडे हिंडल्या, मग फाटकाशीच स्थिरावल्या. फेब्रुवारीत चाळीने ढोल लावून दगड उचलला आणि गाईंमागोमाग आणून बसवला. नारळ माझ्याच हातून फोडवला. तुझी खारट माती खरवडून मुरूम टाकून घेतला आहे, नाहीतर भिंतींना लोणा लागला असता. कंत्राटदार येऊन बघून गेला. पाडव्याला कुदळ मारायला तो तयार आहे.

माझा बेत होता की पाइप तिथूनही पुढे सरकारी गटारापर्यंत न्यायचा, म्हणजे देवही पुढे जाईल. सुमनने हाणून पाडला. देव आपण होऊन दारात आला, त्याला गटारावर धाडता का, असं तिने विचारलं. पाइप मी गटारात नेलाच, पण आता ती स्वतःच रोज फाटकाशी गाईंना खडेमीठ घालते.

तेव्हा निर्धास्त ये. जागा पूर्ण तुझी आहे. फक्त दगड नेमका फाटकाच्या मधोमध असल्याने माझी फियाट महिनाभर आत अडकून आहे. मधली भिंत पाडून ती तुझ्या बाजूने काढावी लागेल. नकाशात तेवढी वाट ठेव, आणि पद्मजेला तूच सांग.

आशीर्वाद आहेतच, आता तुमचा लोभ मलाच मागायचा आहे.

तुझा,
मधुकर