माकडहाड आणि आ-होकची फरशी

५ मार्च

उभ्याने लिहितो आहे, वही फ्रिजवर. बसायची सोय राहिलेली नाही. काल सकाळी आ-होकच्या दुकानापुढच्या पडवीत पडलो. माकडहाडाला तडा. डॉक्टर म्हणाले, सात-आठ आठवडे जातील, मध्ये भोक असलेल्या उशीवर बसा. या वयात हे ऐकून घ्यायचे.

मी आणि पडणार? आयुष्यभर बुटांच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होतो. माझ्या हाताखाली तीनशे माणसे नीट चालायला शिकली. रिटायर झाल्यावरही रोज सकाळी नारिंगी जाकीट घालून, गळ्यात शिट्टी अडकवून अख्ख्या गल्लीचा राउंड घेतो. फुकट. असा माणूस पडतो म्हणजे दोष फरशीचा. फरशी कोणाची? आ-होकची. झाला निकाल.

डॉक्टरांनी विचारले, पडताना हातात काही होते का. म्हटले, तुम्ही हाडाचे बघा.

त्याच दिवशी, संध्याकाळ

सू-चिनला सगळे समजावून सांगितले. आपली बायको तरी आपल्या बाजूने उभी राहील, असे माणसाला वाटते. ती कांदापात चिरता चिरता म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं."

पहिला घाव घरातूनच.

८ मार्च

आ-होक येऊन गेला. आम्ही शाळेपासूनचे. माझ्या लग्नात माझ्या आईपेक्षा तोच जास्त रडला होता. त्याचे माशाच्या पेजेचे दुकान आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर. त्याच्या पडवीत आमचे चहाचे टेबल असते. रोज सकाळी तो, मी, टॅक्सीवाला आ-बेंग आणि झांग मास्तर. इतकी वर्षे. म्हणूनच जास्त लागते.

जिन्यातूनच ओरडला, "ए शिट्टी, हाड जुळलं का?" गल्लीत सगळे मला शिट्टीच म्हणतात. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. 'माझं चुकलं' एवढे दोन शब्द त्याने बोलावेत, बस. पैसा नको, काही नको. तर म्हणतो काय, मीठ जरा कमी पडलंय, वरून घाल.

कारण तो खूर-शेवया घेऊन आला होता. ज्याच्या दारात अपघात होतो त्याने डुकराचे खूर आणि लांब बारीक शेवया शिजवून न्यायच्या, हा आमचा रिवाज. समोरच्याने खाल्ले की राग गिळला, प्रकरण मिटले. हे मला चांगले ठाऊक आहे. म्हणून निश्चय केला: शिवायचेसुद्धा नाही. भांडे पुरावा म्हणून ठेवून दिले.

संध्याकाळी पुरावा आंबला तर नाही ना, एवढे पाहायला झाकण काढले. खूर अगदी मऊ शिजले होते. मीठ खरेच कमी होते.

पुरावा संपला. पण मी मनाने खाल्ले नाही, फक्त तोंडाने. कायद्यात हेतू महत्त्वाचा असतो.

११ मार्च

युन-जूला फोन. धाकट्या भावाची मुलगी, तैपेईत वकील. लहानपणी तिचा हात धरून रस्ता ओलांडायला मी शिकवले. माझी केस तीच लढणार, यात शंकाच नव्हती.

तिने आधी विचारले, पायात काय होते. म्हटले, पादत्राण. कुठले? म्हटले, आवाज नीट येत नाही. मग विचारले, 'फरशी ओली आहे' असा पिवळा फलक होता का? मी ठणकावून सांगितले की मी पडलो त्या क्षणी फलक जागेवर नव्हता. हे शंभर टक्के खरे आहे.

ती म्हणाली, कोर्ट नंतर. आधी प्रभाग कार्यालयातल्या समेट समितीकडे अर्ज करा. वस्तीप्रमुख लोबाईंचे कॅमेरे गल्लीभर आहेत, त्यांचे चित्रण मागवा. ताबडतोब मागवले. कॅमेरा खोटे बोलत नाही.

शेवटी हळूच म्हणाली, "मोठे काका, शाळेपासूनचे मित्र ना तुम्ही? खाली उतरून एकदा बोलून का नाही बघत?"

वकिलाच्या तोंडी हे शब्द! फी मिळणार नाही म्हटल्यावर रक्तही पातळ होते.

१६ मार्च, सकाळ

गॅलरीत उभा होतो. दुर्बीण घेतली होती, पक्षी बघायला.

टेबल मांडलेले. चहा ओतला जातोय. आ-बेंग आणि झांग मास्तर आरोपीसोबत खुशाल बसले आहेत. माझे स्टूल रिकामे आहे म्हणून मला जरा बरे वाटले, तेवढ्यात आ-बेंगने त्यावर पाय लांब केले. मग आ-होक काहीतरी बोलला आणि तिघेही हसले. कशावर हसले असतील? या गल्लीत माझ्याशिवाय हसण्यासारखे गेल्या महिन्याभरात काय घडले आहे?

अस्तनीतले निखारे म्हणतात ते हेच. मी एकेकाला हेल्मेटचा पट्टा लावायला शिकवले आहे.

निश्चय: उद्यापासून तिकडे बघायचे नाही.

१७ मार्च

बघितले. आज पाय खाली होते.

२१ मार्च

पुन्हा खूर-शेवया. या वेळी मीठ बरोबर. सू-चिनला बजावले की भांडे तसेच परत कर. ती म्हणाली, आधीचे भांडे घासून परत केलेय, रिकामे. आता कुठल्या तोंडाने परत करू? मुद्दा बिनतोड होता. नाइलाजाने खाल्ले.

भांडे नेताना ती त्याच्याशी दहा मिनिटे बोलत होती. वर आल्यावर विचारले, काय म्हणाला? म्हणाली, पाठ दुखते म्हणाला. म्हटले, माझे काय? म्हणाली, तू विचारलंस का त्याला काही?

कुंपणच शेत खाते.

२ एप्रिल

समेटाचा अर्ज पूर्ण केला. आयुष्यात इतके सुबक ड्राफ्टिंग केले नव्हते. मागण्या तीनच. एक, आ-होकने चूक लेखी कबूल करावी. दोन, गुळगुळीत फरशी उखडून खरबरीत बसवावी. तीन, पडवी जाण्यायेण्यासाठी कायम मोकळी ठेवावी. बादल्या, भांडी, खुर्च्या, स्टुले, टेबले, कुंड्या इत्यादी कोणताही अडथळा ठेवू नये. तिसरी कारखान्याच्या नियमावलीतून जशीच्या तशी उतरवली. त्या नियमाला एकदा शाबासकी मिळाली होती.

सू-चिनला वाचून दाखवला. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि भात लावायला गेली. बायकांना कायद्याची भाषा जड जाते.

१२ एप्रिल

आ-बेंग भेटायला आला. माझ्या बाजूने साक्ष दे म्हणालो. म्हणे, मी पाठमोरा होतो. म्हटले, फरशीबद्दल तरी बोल. म्हणे, त्या फरशीवर मी इतकी वर्षे चालतोय, मी कुठे पडलो?

मग जरा चिडूनच बोलला. त्या दिवशी माझ्या टॅक्सीपर्यंत तुला उचलून कोणी आणले, आठवते का? तू ओरडत होतास, आ-होक नाही. तेव्हापासून तो कमरेला पट्टा बांधून भांडी उचलतो.

आठवते की. उचलण्याची पद्धत साफ चुकली होती. गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून उचलायचे असते. त्याने मला तांदळाच्या पोत्यासारखे टाकले खांद्यावर. आ-बेंगला म्हटले, हेही अर्जात जोडतो.

तो उठला. चहा अर्धा टाकून गेला. आणखी एक गळाला. हरकत नाही. सत्याच्या बाजूला गर्दी नसते.

झोप मात्र लागली नाही. पालथे झोपून मान आखडली आहे.

२४ एप्रिल

आज समेट समितीपुढे सुनावणी. भोकाची उशी घेऊन गेलो. आ-होक एकटाच आला होता, धुतलेला शर्ट घालून. हा शर्ट तो फक्त लग्नाला आणि मयताला घालतो. मला म्हणाला, बस. मी म्हटले, बसता येत नाही, तुझ्यामुळे.

लोबाईंनी टॅब्लेटवर चित्रण लावले. मीच मागवले होते. चित्र अतिशय स्पष्ट. मी येतो. पायात निळ्या-पांढऱ्या रबरी सपाता दिसतात. (राउंडच्या आधी पाच मिनिटे घराबाहेर पडलो तर काय बूट चढवायचे?) पडवीच्या मधोमध पिवळा फलक. मी थांबतो. फलकाकडे बघून शिट्टी वाजवतो. कारण फलक चुकीच्या जागी होता, जाणारा-येणारा अडखळला असता. मी तो उचलतो, योग्य जागी नेऊ लागतो...

समितीतल्या एका बाईंनी रुमाल तोंडाला लावला. लोबाई छताकडे बघायला लागल्या. माझे कान तापले. खोलीत हवा कमी होती.

आणि नेमके तेव्हाच आ-होकने हात पुढे करून पंजा स्क्रीनवर ठेवला.

"बंद करा, बाई," तो म्हणाला. "फरशी माझी, चूक माझी. सही कुठे करू?"

लोबाई म्हणाल्या, अहो, पण पूर्ण तर बघू दे समितीला. तो म्हणाला, काही बघायचं नाही, हे म्हणतात ते सगळं मान्य. मग तिन्ही मागण्या वाचल्या गेल्या. तिसऱ्या मागणीला त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मला वाटले, आता भांडेल. भांडला असता तर बरे झाले असते. तो म्हणाला, "तुला हेच हवंय?"

मी म्हटले, नियम म्हणजे नियम.

त्याने सही केली.

दोषी माणसाला पुरावा बघवत नाही. कारखान्यात हे मी नेहमी पाहत आलो. पूर्ण विजय. तिन्ही मागण्या मान्य, तेही अर्ध्या तासात.

येताना एकाच बसने आलो. तो पुढच्या दाराशी उभा, मी मागच्या.

२५ एप्रिल

युन-जूला विजय कळवला. ती अभिनंदन म्हणाली आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. हेवा असावा.

आज-उद्या आ-होक खूर-शेवया घेऊन येईल. रीतसर समेट झाल्यावर तर आणायलाच पाहिजेत. या वेळी उघड उघड खाणार. दोन शब्द मोठ्या मनाने बोलणार. भाषण तयार आहे.

२८ एप्रिल

आला नाही. समोर फरशी उखडतायत, कामात असेल.

१ मे

आला नाही. सू-चिनला म्हटले, तू जाऊन सहज विचार. ती म्हणाली, काय विचारू? खूर का नाही आणले म्हणून? मी म्हटले, सहज. ती म्हणाली, "म्हाताऱ्या, त्याने तुला दोनदा आणून दिलं. तू दोनदा खाल्लंस आणि मग त्याला समितीपुढे उभं केलंस. आता तिसरं काय हवंय तुला?"

मला हवे होते की त्याने मला समजून घ्यावे. पण हे मी तिला बोललो नाही. रिवाज मोडणारा तो आणि प्रश्न मला. केसाने गळा कापणे दुसरे काय असते?

३ मे

सकाळी गॅलरीतून पाहिले. नवी खरबरीत फरशी बसली आहे, काम चांगले झाले आहे. दोन माणसे आमचे चहाचे टेबल उचलून आत घेऊन गेली. मग स्टुले नेली. माझे शेवटी नेले.

हे काय चालले आहे, विचारायला ओरडणार होतो. मग आठवले की करारच तसा आहे. पण तिसरी मागणी बादल्यांसाठी होती. कुंड्यांसाठी होती. 'इत्यादी' या शब्दाचा एवढा दुष्ट अर्थ काढायचा असतो का? शाळेपासूनच्या मित्राने?

आ-बेंग आणि झांग मास्तर आले, पडवीत थांबले नाहीत, दुकानातून सरळ मागे गेले. मागे आ-होकचे स्वयंपाकघर आहे. तिथे आजवर फक्त घरची माणसे बसत आली आहेत.

९ मे

डॉक्टर म्हणाले, हाड जुळले. आता कुठेही बसा.

तडक आ-होककडे गेलो. जाकीट नाही, शिट्टी नाही, पायात बूट. ठरवले होते, आपणच मोठे व्हायचे, आत जायचे, 'झालं गेलं गंगेला मिळालं' म्हणायचे आणि चहा ओतायला लावायचा. मागून चहाच्या किटलीचा आणि बोलण्याचा आवाज येत होता. त्यात एक हसणे ओळखीचे वाटले. सू-चिन बाजारात गेली आहे, असे मला वाटत होते.

आ-होक काउंटरवर होता. कमरेला पट्टा. मला पाहून हात पुसले.

"काय देऊ, शिओ साहेब?"

इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा साहेब म्हणाला. मी म्हटले, पेज. त्याने विचारले, पार्सल ना? मी म्हटले, नाही, इथेच खाईन म्हणतो. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "इथे बसायची सोय नाही साहेब, पडवी मोकळी ठेवायची असते." टोमणा असता तर मी दहा उत्तरे दिली असती. टोमणा नव्हता. त्याने पेज पिशवीत बांधली, गाठ नीट मारली, वर चमचा ठेवला आणि गरम आहे, जपून, म्हणाला.

मी पिशवी घेऊन पडवीत उभा राहिलो. आतून कोणीतरी, 'ए शिट्टी, ये की,' म्हणेल म्हणून जरा रेंगाळलो. फरशी तपासतो आहे असे दाखवायला या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललो. मग परत. मग आणखी एकदा.

फरशी मुळीच घसरत नाही. आतून कोणी हाक मारली नाही.